जुनी मोटार, नवे एंजिन

वार्षिक अंक निघावयाची वेळ आली की संपादक आम्हांकडे लेख मागतात, आणि आम्हीही एखादा बोधपर विषय निवडून चार पाने लिहून देतो. शिक्षकाने उपदेश करावा आणि विद्यार्थ्यांनी तो सोसावा, असा हा जुनाच करार आहे. ह्या खेपेस तो करार थोडा मोडावा असे आम्ही योजिले आहे. पुढील हकीकत आमच्याच एका चुकीची आहे. ती एका मोटारीच्या निमित्ताने घडली, म्हणून मोटारीविषयी बरेच सांगावे लागेल. मुलांस त्याचा कंटाळा येणार नाही असा भरवसा आहे; पालकांनी तेवढे गोड करून घ्यावे.

सन 2019 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हांस सहा आठवडे इंग्लंडात राहण्याचा योग आला. आमचे थोरले बंधू, ज्यांस घरी सर्वजण दादा म्हणतात, ते पुष्कळ वर्षांपासून ऑक्सफर्डजवळच्या एका लहान गावी राहतात. यंत्रशास्त्र हा त्यांचा व्यवसाय आणि तेच त्यांचे व्यसन. आम्ही पोहोचलो त्या दिवशी चहा होण्यापूर्वीच त्यांनी आम्हांस घरामागच्या छपरीत नेले. तेथे एक हिरवी, बुटकी, उघड्या टपाची मोटार उभी होती. आत बसावयास जागा दोघांपुरती. चाकांना सायकलीच्या चाकाप्रमाणे तारांचे आरे, आणि नाकावर एक अष्टकोनी बिल्ला. आम्ही मोटारींचे शौकीन नव्हेत. तथापि ती पाहून तिच्या पाठीवरून हात फिरवावा असे आम्हांसही वाटले.

ह्या जातीच्या मोटारीस एम. जी. बी. म्हणतात. 'एम. जी.' ही अक्षरे ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस ह्या पेढीच्या नावावरून आलेली आहेत. 1929 पासून एम. जी. मोटारी तेथून जवळच असलेल्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होऊ लागल्या. एम. जी. बी. ही 1962 साली निघाली, आणि ऑक्टोबर 1980 मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत अशा पाच लाखांहून अधिक मोटारी तेथून बाहेर पडल्या. तिचे एंजिन बिडाचे, चार सिलिंडरांचे, 1798 घन सेंटिमीटरांचे. शक्ती सुमारे 95 अश्वशक्ती. आजच्या मानाने हे काही फार नव्हे. परंतु ती जमिनीलगत धावते, वारा तोंडावर येतो, बॉनेटखालची प्रत्येक धडधड बैठकीतून पाठीस कळते. त्यामुळे ताशी 40 मैल वेग असला तरी माणसास आपण उडत आहो असे वाटते.

दादांची ही मोटार 1972 सालची. त्यांनी ती शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाकडून घेतली होती. हे गृहस्थ शाळेत लाकूडकाम व धातुकाम शिकवून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या पुढे. दृष्टी मंदावल्यामुळे त्यांस मोटार हाकणे सोडावे लागले होते. आम्ही ह्या लेखात त्यांस मास्तर म्हणू. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी ती मोटार स्वतःच्या हाताने राखली होती.

दुसऱ्या दिवशी दादांनी आपला बेत सांगितला. जुने एंजिन काढावयाचे आणि त्या जागी माझदा एम. एक्स. 5 ह्या जपानी मोटारीचे दोन लिटरचे, सुमारे 160 अश्वशक्तीचे एंजिन बसवावयाचे. अपघातात मोडलेल्या एका मोटारीतून काढलेले असे एंजिन त्याच्या गिअरपेटीसह छपरीच्या कोपऱ्यात येऊन पडलेही होते. तारांची चाके काढून त्या ठिकाणी मिश्रधातूची नवी चाके घालावयाची. दादांनी महिन्याची रजा घेतली होती, आणि मदतनीस म्हणून आमची नेमणूक झाली होती.

आम्हांस हे मुळीच रुचले नाही. "दादा, अहो, ही एवढी जुनी वस्तू! तिचे काळीज काढून दुसऱ्याचे घालणार? मग ती तीच मोटार राहील काय?" असे आम्ही म्हणालो. दादा हसले व म्हणाले, "अरे, तू हिला वस्तुसंग्रहालयात ठेवू पाहतोस, मला हिच्यातून रोज कामावर जायचे आहे." बोलता बोलता शब्दास शब्द लागला. शेवटी, मास्तरांच्या कानी ही गोष्ट गेली तर तेच दादांस परावृत्त करतील, अशा हेतूने आम्ही एकटेच त्यांच्या घरी गेलो. चुगली करण्याचे वय केव्हाच मागे पडले होते. परंतु ती चुगलीच होती हे कबूल केले पाहिजे.

मास्तरांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि कपाटातून एक जाड वही काढून आमच्या हाती दिली. त्यांनी ही मोटार 1976 साली दुसऱ्या हाताने विकत घेतली, त्या दिवसापासूनची प्रत्येक दुरुस्ती त्या वहीत नोंदलेली होती. 1978 मध्ये मूळ एंजिन झिजले म्हणून ते देऊन नव्याने बांधलेले एंजिन घेतले. 1984 मध्ये दारांखालच्या पट्ट्या गंजल्या म्हणून कापून काढल्या व नव्या जोडल्या. 1999 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद व्हावयाची होती. त्या शिशामुळे जुन्या एंजिनातील झडपांच्या बैठकी झिजत नसत, म्हणून त्या वर्षी टणक पोलादी बैठकी बसविल्या. 2005 मध्ये ठिणगीची जुनी यंत्रणा काढून विजाणूंवर चालणारी घातली.

आम्ही पाने उलटीत असता ते म्हणाले, "1972 साली कारखान्यातून निघाली ती मोटार तुम्हांस हवी असेल, तर ती माझ्याजवळही कधी नव्हती. ती जशीच्या तशी पाहावयाची असेल तर अ‍ॅबिंग्डनच्या संग्रहालयात जा. तेथे तिची एक बहीण वरच्या मजल्यावर उभी आहे. ती फार सुंदर आहे, परंतु ती कोठे जात नाही."

पुढे आम्ही अ‍ॅबिंग्डनला जाऊन सतराव्या शतकातील त्या दगडी काउंटी हॉलमधील ती मोटार पाहून आलो. तशी एक तरी राखलीच पाहिजे, ह्याविषयी आम्हांस संशय नाही. परंतु पाच लाखांनी तेच केले पाहिजे असे मात्र तिच्यापुढे उभे राहून वाटले नाही.

मास्तरांनी बदलास संमती दिली खरी; पण त्याच सायंकाळी दादांस बोलावून त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अशी, की बॉडीला कोठेही करवत लावावयाची नाही, आणि जे जे काढाल ते तेल लावून जपून ठेवावयाचे. पुढे कोणास परत बसवावेसे वाटले तर बसविता आले पाहिजे. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी कचेरीचा हिशेबही पुष्कळ वर्षे ह्याच धर्तीचा होता. मोटार पुष्कळ बदलली असता तिची जुनी ओळख राखावी की नाही हे ठरविण्यासाठी ती कचेरी गुण मोजीत असे. मूळ बॉडी अबाधित असल्यास 5 गुण. स्प्रिंगांची यंत्रणा, आस, गिअरपेटी आणि सुकाणू ह्यांस प्रत्येकी 2. आणि एंजिनास केवळ 1! जुना क्रमांक टिकण्यास 8 गुण लागत. आम्ही ज्यास काळीज म्हणत होतो त्यास कायद्याने सर्वांत कमी मोल दिले होते, हे पाहून आम्ही थोडे वरमलो.

दुसरी अट अशी: "एक वस्तू बदललीत, तर तिच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक वस्तू तपासावयाची, आणि मगच चावी फिरवावयाची." ही अट समजाविण्यासाठी त्यांनी एम. जी. कारखान्याचाच इतिहास सांगितला. 1967 साली कारखान्याने ह्याच बॉडीत सहा सिलिंडरांचे, 2912 घन सेंटिमीटरांचे, वजनदार बिडाचे एंजिन घालून एम. जी. सी. नावाची मोटार काढली. शक्ती वाढली, परंतु नाक जड झाले, आणि वळणावर ती हाकणाऱ्याचे ऐकेना. तिच्यावर टीका झाली व 1969 सालीच ती बंद पडली. पुढे केन कॉस्टेलो नावाच्या एका कसबी गृहस्थाने रोव्हर मोटारीचे आठ सिलिंडरांचे एंजिन ह्या बॉडीत बसवून दाखविले. मूळचे ते अमेरिकेतील ब्युइकचे. साडेतीन लिटरचे, परंतु अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे वजनात जुन्या चार सिलिंडरांच्या एंजिनाच्या जवळपासच. तेव्हा कारखान्यानेही तोच मार्ग धरला आणि 1973 पासून 1976 पर्यंत अशा 2591 मोटारी बांधल्या. परंतु केवळ एंजिन बदलून कारखाना थांबला नाही. ब्रेकांच्या तबकड्या जाड केल्या, मागच्या आसातील दात्यांचे प्रमाण बदलले, आणि तारांच्या चाकांऐवजी अधिक भक्कम चाके दिली. "एका अवयवाचे बळ वाढविले की बाकीच्या अवयवांस त्याची वर्दी द्यावी लागते," असे मास्तर म्हणाले. दादांनी मान डोलाविली. आम्हीही डोलाविली.

काम सुरू झाले. साखळीच्या कप्पीने जुने एंजिन वर उचलले गेले त्या वेळी, आम्ही विरोधक असूनही, आमचा श्वास क्षणभर थांबला. त्याची दोन कार्ब्युरेटरे, नळ्या, कंस, बोल्ट, सर्व काही स्वच्छ पुसून, तेल लावून, चिठ्ठ्या बांधून एका लाकडी खोक्यात ठेवण्याचे काम आम्हांकडे होते. नवे एंजिन हलके होते, परंतु ते जागेवर बसता बसेना. त्याच्या तळाचे तेलाचे चेंबर पुढच्या आडव्या तुळईवर टेकू लागले. म्हणून चेंबरच वेगळ्या घडणीचे आणावे लागले. जुन्या कार्ब्युरेटरांस पेट्रोल नुसते येऊन पोहोचले म्हणजे पुरत असे. नव्या एंजिनात ते जोराच्या दाबाने फवारले जाते. म्हणून पंप, नळ्या, गाळणी सर्व नवीन. गिअरपेटीची लांबी निराळी, म्हणून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा नव्या मापाचा. बैठकींमागे 6 व्होल्टांच्या दोन जुन्या धाटणीच्या बॅटऱ्या होत्या. त्यांच्या जागी 12 व्होल्टांची एक. एंजिनावर देखरेख करणारा एक लहान संगणक, आणि त्याच्याशी जोडलेला तारांचा एवढा मोठा जुडगा, की तो पाहून आम्हांस भेंडोळ्यात सापडलेल्या मांजराची आठवण झाली.

चाकांचे प्रकरणही आम्ही समजत होतो तितके सोपे नव्हते. तारांच्या चाकास साठ तारा असतात, आणि ते मध्यभागी एकाच मोठ्या नटाने दातेरी तुंब्यावर आवळलेले असते. हा नट मऊ धातूच्या हातोडीने ठोकून बसवितात. डाव्या बाजूच्या नटाचे आटे एका दिशेचे, उजव्या बाजूचे त्याच्या उलट. हेतू हा, की चाके फिरत असता नट सैल होऊ नयेत. नवी मिश्रधातूची चाके मात्र प्रत्येकी चार नटांची. म्हणून आधी तुंबेच बदलावे लागले. जुन्या चाकाचा व्यास 14 इंच, नव्याचा 15. परंतु नवे टायर उंचीने कमी घेतल्यामुळे बाहेरचा घेर जवळजवळ तेवढाच राहिला. तसा तो राहिला नसता तर वेगदर्शक काटाच खोटे सांगू लागला असता.

आता आमच्या चुकीकडे वळतो. आमचे परतीचे विमान बुधवारचे होते. त्याच्या आधीच्या शनिवारी सायंकाळी एंजिन प्रथम सुरू झाले आणि सुरळीत चालले. अधिक जाड तबकड्या आणि त्यांस साजेसे ब्रेक खोक्यात येऊन पडले होते. ते पुढच्या आठवड्यात बसवावयाचे होते. पायाचा दाब हलका करणारे एक यंत्र ब्रेकांस असते. ते एंजिनाच्या चोषणावर चालते. त्याची नळीही नव्या एंजिनास अद्याप जोडलेली नव्हती. दादा म्हणाले, "आज नको. ब्रेकांचे झाले की मग." तेव्हा आम्हीच म्हणालो, "दादा, मी बुधवारी जाणार. एवढे राबलो, एकदा तरी बसव. गावातल्या गावात." धाकट्या भावाचा शब्द मोडवेना म्हणून दादांनी मोटार बाहेर काढली.

गावात आम्ही हळूच फिरलो. मग गाव संपले. नुकतीच सर येऊन गेली होती. दोन्ही बाजूंस उंच कुंपणे, मध्ये सरळ उतार. मोटार इतकी सहज धावू लागली, की पूर्वीची धडधड नाही, कंप नाही, तक्रार नाही. "अजून थोडी पळवा," असे आम्ही म्हणालो. हे शब्द दादांचे नव्हते, आमचे होते. काटा 60 मैलांवर गेला होता हे दोघांसही कळले नाही. पुढे वळण होते, आणि वळणापलीकडे शेताच्या फाटकातून एक ट्रॅक्टर आपल्या लांब गाड्यासह रस्त्यावर येत होता. दादांनी सर्व बळानिशी ब्रेक दाबला. मोटार थांबेना. शेवटी त्यांनी ती डाव्या बांधावर घातली. ती कुंपणात शिरून थांबली, तेव्हा गाड्याची मागची फळी आमच्यापासून हातभर अंतरावर होती.

आमच्या कपाळास थोडे खरचटले. दादांस काही झाले नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, आम्हां दोघांस नीट पाहिले, कोणास लागले नाही ना असे विचारले, आणि अधिक काही न बोलता दोर लावून मोटार बाहेर ओढून दिली. डावा मडगार्ड चेपला होता व नव्या चाकाची कड फुटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर काठी टेकीत आले. दृष्टी अधू असल्यामुळे त्यांनी चेपलेला पत्रा हाताने चाचपून पाहिला. रागावतील असे वाटत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "वेग फार होता काय?"

दादा म्हणाले, "वेग कळलाच नाही."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "जुने एंजिन 60 मैलांवर ओरडून सांगत असे की मी दमले. हे सांगत नाही. म्हणून जे ते सांगणार नाही, ते हाकणाऱ्यास अगोदर ठाऊक असावयास हवे."

दादा गप्प राहिले. आमच्यावर त्यांनी शब्दही ढकलला नाही. तेव्हा आम्हांस राहवेना. आग्रह आमचा होता, असे आम्ही सांगून टाकले. मास्तरांनी आमच्याकडे तोंड वळविले व विचारले, "आपण शाळेत कोणता विषय शिकविता?"

"विज्ञान," आम्ही उत्तरलो.

"म्हणजे आपणांस ठाऊक होते," एवढेच ते म्हणाले.

आमच्या नोकरीत अनेक निरीक्षक येऊन गेले आणि त्यांनी बरेवाईट शेरे मारले. परंतु एवढ्या चार शब्दांनी आम्ही जितके खजील झालो तितके कशानेही झालो नव्हतो. कारण आम्हांस खरोखरच ठाऊक होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आम्ही नववीच्या वर्गास दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवितो. वेग 40 वरून 60 झाला म्हणजे दीडपट झाला. परंतु ब्रेकांनी जिरवावयाची ऊर्जा सव्वादोनपट झाली. हे गणित आम्ही शेकडो वेळा तपासले आहे, आणि चुकलेल्या मुलांस पुन्हा करावयास लावले आहे. त्या उतारावर मात्र आमची स्वतःची पाटी कोरी होती.

आम्ही बुधवारी निघालो. पुढचे काम दादांनी एकट्याने, दोन महिने घेऊन, केले. ब्रेक, नळी, पुढच्या स्प्रिंगा, सर्व झाल्यावर जाणत्या माणसाकडून मोटार तपासून घेतली, आणि मगच ती रस्त्यावर आणली. त्या दिवशी मास्तरांनी आपली वही दादांच्या स्वाधीन केली. परंतु पहिली नोंद अपघाताची करावयाची, असे बजावून. दादांनी तारीख घालून लिहिले, 'ब्रेकांआधी एंजिन. चूक आमची.' आम्हांस त्यांनी त्या पानाचे छायाचित्र पाठविले. 'आमची' ह्या शब्दात त्यांनी आपला वाटा उचलला होता, हे आम्ही जाणतो.

नंतर दादांनी मास्तरांस शेजारी बसवून त्याच रस्त्याने फिरवून आणले. परत आल्यावर ते म्हणाले, "आवाज माझ्या मोटारीचा नाही. परंतु वळण घेते ती माझीच मोटार." 2022 च्या हिवाळ्यात ते वारले. त्यांचे जुने एंजिन आजही दादांच्या छपरीत लाकडी खोक्यात आहे. दर सहा महिन्यांनी त्यावर तेलाचा हात फिरतो. तारांची चारही चाके भिंतीवर टांगलेली आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मोटारसायकलींची चित्रे आम्ही पाहिली आहेत. रुंद टायर, गर्जणारा सायलेन्सर, असे काही बदल मनात घोळत असतात. आपल्या देशात ह्याविषयी कायदा कडक आहे, हे प्रथम जाणून घ्या. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या 52 व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ तपशिलांत मनास येईल तसा फेरबदल करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा मास्तरांची दुसरी अट तुमच्या स्मरणात राहावी अशी आमची इच्छा आहे.

बदल करू नका, असे आम्ही आता म्हणत नाही. तसे म्हणणारे आम्ही त्या छपरीत हरलो. जे मोडले तर परत जोडता येणार नाही त्यास करवत लावू नका, आणि धावण्याचे बळ वाढविण्यापूर्वी थांबण्याचे बळ वाढवा, एवढेच म्हणतो. नववीच्या वर्गात गतिज ऊर्जेचा धडा आला की आम्ही हल्ली प्रथम ही हकीकत सांगतो व मग खडू हाती घेतो. कपाळावरची खूण आता फारशी दिसत नाही. तथापि मागच्या बाकावरची मुले ती पाहण्यासाठी पुढे येतात, आणि आम्ही ती दाखवितो.